भरून दिलेली पेटी

लोक मला अजूनही विचारतात, "माळावर किती छान वाटत असेल नाही?" मी हो म्हणते. नाही म्हटलं की पुढं समजावून सांगत बसावं लागतं, आणि मला आता समजावून सांगायचा कंटाळा आला आहे. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून समजावून सांगायचंच काम केलं. लोणावळ्यात असताना पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून घसरून आलेल्यांना प्लास्टर होईपर्यंत समजावत बसायचे, की पाण्याला खेळ कळत नाही. पुढच्या रविवारी नवे पाय यायचे.

आमचं घर पवनेच्या खोऱ्यात, धरणाच्या पाण्यापासून बरंच वर, माळावर होतं. घर अजून आहे, आम्ही तिथं नाही. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागच्या दारातून तिकोना किल्ला दिसतो. जमीन म्हणाल तर खडक जास्त आणि माती कमी. पण ती आमच्या ह्यांच्या वडिलांनी घेतलेली. ते रेल्वेत गँगमन होते, आणि त्यांच्या आधी घराण्यात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या बांधावर पिढ्या गेल्या. छप्पन्न साली बौद्ध झालो आणि त्यानंतर काही वर्षांनी सासऱ्यांनी हा माळ घेतला. तिथं काही पिकायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सुट्टीला आले की ते रात्री झोपडीबाहेर कंदील टांगून ठेवत. खाली गावातल्या माणसाला वर बघितल्यावर आपला दिवा दिसला पाहिजे, एवढीच त्यांची शेती.

ह्यांनी निवृत्त झाल्यावर तेच मनावर घेतलं. तळेगावात आमचा बरा फ्लॅट होता, लिफ्ट होती, खाली मेडिकलचं दुकान होतं. ते सोडून आम्ही माळावर आलो. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला वाटतं असतं, फक्त ते हौस करणाऱ्याला भरावं लागत नाही.

माळावर वीज नव्हती. खांब ज्या वावरातून यायचे, त्याचे मालक भाऊभाऊ आपसात भांडत होते, आणि एकाची सही असली की दुसऱ्याची नसायची. मग मुलीनं पेटी आणून दिली. प्रवासाच्या बॅगेएवढी, वर मूठ, पुढं प्लग लावायच्या जागा, आणि आत किती वीज शिल्लक आहे ते दाखवणारी छोटी काच. पत्र्यावर सोलर पॅनेल टाकलं की उन्हावर भरायची. नाहीतर वीज असलेल्या घरात नेऊन भिंतीच्या प्लगला लावायची. मुलीनं ती मैत्रिणींबरोबर धरणाकाठी तंबूत राहायला जाण्यासाठी घेतली होती.

त्या तंबूवाल्यांची मला मोठी गंमत वाटायची. शनिवारी संध्याकाळी खाली पाण्याच्या कडेनं रांगा लागायच्या. माणसं पुण्या-मुंबईहून अंधार आणि शांतता बघायला येत, आणि येताना उजेडाच्या माळा आणि गाण्याचे डबे घेऊन येत. प्रत्येक तंबूत एकेक पेटी. तिच्यावर कॉफी, तिच्यावर पंखा, तिच्यावर नाच. रविवारी दुपारी पेटी संपली की निसर्गही संपायचा आणि गाड्या घाटाला लागायच्या. आम्हाला मात्र सोमवारीही तिथंच राहायचं होतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. दोन दिवे, फोन, पंखा, ह्यांचा रेडिओ. पेटी दिवसभर ऊन प्यायची आणि रात्रभर आम्हाला पुरून उरायची. संध्याकाळ झाली की हे पडवीतला दिवा लावून मुद्दाम खाली अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन वळून बघत. मी म्हणायचे, "दिसतोय का तुम्हाला?" ते म्हणायचे, "मला कशाला, त्यांना दिसला पाहिजे."

मग ह्यांची फुप्फुसं बोलायला लागली. आयुष्यभर कारखान्यात भट्टीजवळ उभे राहिलेले. ती धूळ कधीतरी हिशेब मागणारच होती. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. हे मशीन हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडतं, पण त्याला वीज लागते, आणि चांगलीच लागते. जी पेटी दिव्यांना रात्रभर पुरायची, ती मशीन लावलं की सकाळच्या स्वयंपाकापर्यंत अर्धी आणि जेवणं होईपर्यंत रिकामी. सकाळी, दुपारी आणि झोपताना थोडा थोडा वेळ मशीन लावायचं, असं ठरवून आम्ही कसंबसं भागवत होतो. उन्हाळ्यात भागलं. आषाढात पॅनेलवर शेवाळ धरायची वेळ आली. मावळात आषाढ-श्रावणात ऊन शोधणं म्हणजे बोडक्याच्या डोक्यावर केस शोधणं.

तेव्हापासून पेटी रोज खाली न्यायची, भरून वर आणायची. उतरताना एक बरं, चढताना जीव जायचा. निसरडी पायवाट, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात छत्री, आणि पेटीवर प्लॅस्टिक नीट आहे ना, हे बघायला तिसरा हात हवा. मी साठीला आलेली बाई. बाळंतपणानंतर एवढं जपून मी काही उचललं नव्हतं. माझं अंग इतकं दुखायचं की रात्री कूस बदलायची तर आधी विचार करावा लागायचा. ह्यांना मी ते सांगायचे नाही. चिडायचे मात्र रोज. शेवटी एकदा भाजी चिरता चिरता म्हटलं, "ऐका. ज्या दिवशी या पेटीपायी तुमचा श्वास अडेल, त्या दिवशी आपण तळेगावला जायचं. वाद घालायचा नाही."

ते म्हणाले, "ठरलं."

पेटी भरायला मी खालच्या मावशींकडे न्यायचे. आमच्या माळाच्या पायथ्याला पहिलं घर त्यांचं. भातशेती, दोन म्हशी, एक मुलगा कामशेतला कामाला, एक मुलगी सासरी. मोठं घराणं, गावची निम्मी खाचरं त्यांच्या भावकीची. माझ्या सासूबाई सांगायच्या, याच घरी त्या तरुणपणी लावणीला जायच्या, तेव्हा पाणी वरून ओतून ओंजळीत मिळायचं. आपलं भांडं त्यांच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही, त्यांचं आपल्या हातात यायचं नाही. सासूबाई हे रडून सांगायच्या नाहीत, पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगायच्या.

आम्ही माळावर राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी मावशींकडे वाटीभर खीर पाठवली. पाठवली म्हणजे मीच घेऊन गेले, आणि दारात उभी राहिले. मावशींनी वाटी घेतली, आत नेली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माळ चढून आल्या. वाटीत काठोकाठ इंद्रायणी तांदूळ. म्हणाल्या, "रिकामं भांडं द्याचं नसतं, शिस्टरबाई." ही रीत आमच्याकडंही आहे, सगळीकडेच आहे. पण ह्यांनी ती वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि बराच वेळ खाली ठेवेनात. त्या रात्री त्याच तांदळाचा भात केला. हे जेवताना एकदाच बोलले, "आई असायला पाहिजे होती."

तेव्हापासून दोन्ही घरांत भांडी जात-येत राहिली. आमची वाटी गेली की काकडी घालून यायची, त्यांचा डबा आला की मी त्यात लाडू घालून द्यायचे. कुणी कधी रिकामं दिलं नाही. खरं सांगायचं तर मला कधीकधी त्याचाही वैताग यायचा, घरात काही नसलं की त्यांचा डबा चार दिवस माझ्याकडे पडून राहायचा. पण ह्यांच्यासाठी ती देवघेव म्हणजे सासऱ्यांच्या कंदिलाच्या पुढची गोष्ट होती.

त्या श्रावणात मावशींची मुलगी बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. आणि पाचवीच्या आदल्या दिवशी वादळात झाड पडून गावाची लाईन तुटली. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, म्हणून घरात उजेड ठेवून जागायचं असतं. मावशी दुपारी वर आल्या. पडवीत बसून इकडचं तिकडचं बोलल्या, पण उठेनात. शेवटी ह्यांनीच विचारलं, "मावशी, काय पाहिजे, बोला की."

"भाऊ, मागू का नगं तेच कळंना. आज पाचवी हाय न् घरात मिट्ट काळोक. एक रातीपुरती पेटी मिळंल का?"

"सटवाईला लिहायला उजेड लागतो होय?" हे हसले. आम्ही हे काही मानत नाही, ते मावशींना माहीत होतं, आणि चेष्टा केली तरी मावशींना राग यायचा नाही, हे ह्यांना. "न्या की. काळोखात लिहिलं तर अक्षर बिघडेल पोराचं."

"सकाळच्याला आणून देती. पर तुमचं मशीन?"

"सिलिंडर आहे आमच्याकडे. सावकाश आणा."

सिलिंडर होता. लहानसा, अडीअडचणीसाठी ठेवलेला. पण आठवडाभर ढग आणि खाली लाईनही वरचेवर जात असल्यामुळं तो वापरून तळाला गेला होता, आणि मुलगी रविवारी भरलेला घेऊन येणार होती. हे ह्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मावशींसमोर मी काय बोलणार? पेटी अर्धी भरलेली होती. दोन दिव्यांना रात्रभर सहज पुरली असती. मावशींनी ती पदराखाली धरून नेली.

त्या गेल्यावर मी भांडले. हे म्हणाले, "अगं, एवढ्या वर्षांत त्या घरानं आपल्याकडे पहिल्यांदा काही मागितलं."

रात्र सिलिंडरवर कशीबशी गेली. सकाळी त्याचा काटा खाली टेकला. मी चहा केला, ह्यांना उशांना टेकवून बसवलं, खिडकी उघडली, ओठ आवळून हळू श्वास सोडायला लावलं. हे सगळं मी हजार जणांकडून करून घेतलेलं, पण तेव्हा ते माझे कुणी नव्हते. सकाळ सरली. पायवाटेवर कुणी दिसेना. मी बोटाला लावायचं यंत्र लावून बघितलं आणि आकडा ह्यांना सांगितला नाही.

"मी जाते खाली."

"नको जाऊस." बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. "मागायला गेलीस तर... त्यांना वाटेल, दिली आणि लगेच... येतील त्या."

"तुमचा जीव जाईल या सभ्यपणात!"

"जात नाही."

आणखी थोडा वेळ मी दाराशी उभी राहिले. मग ह्यांच्या ओठांचा रंग बघितला आणि छत्री न घेताच उतरले. मावशींच्या दारात त्यांची मुलगी बाळाला पायांवर घेऊन बसली होती. घरात पेटी नव्हती.

"आई न् दादा पवनानगरला गेल्यात पेटी घिऊन," ती म्हणाली. "आपली लाईन अजून आली न्हाई ना. रातीत लय उतरली पेटी. आई म्हनली, भरल्याबिगर वर न्याची न्हाई. तितं कुनाच्या तरी दुकानात लावून भरून आनत्याल. येतीलच की."

फोन लावला, लागला नाही. मी परत चढायला लागले. अर्ध्या वाटेवर पाय उचलेना, तशी ओल्या दगडावर बसले आणि रडले. मला कुणाचा राग यावा तेच कळत नव्हतं. रात्रीतून उरली होती तेवढ्या विजेसकट पेटी सकाळीच आणून दिली असती, तर ह्यांना थोडा वेळ तरी पुरली असती. पण आमच्या दारातून नेलेली वस्तू उतरलेली परत देणं त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आणि मागायला जाणं ह्यांना. दोघांनीही एकमेकांचा मानच राखला होता. आणि त्याच दगडावर बसून माझ्या मनात हेही आलं, की चला, आता तरी तळेगावला जाता येईल. आनंदच झाला मला, क्षणभर. मग मी अशी घाबरले की उरलेली वाट कशी चढले ते आठवत नाही.

मावशी आणि त्यांचा मुलगा त्यानंतर लवकरच आले. मुलाच्या खांद्यावर पेटी, दोन पोती गुंडाळलेली. स्वतः मात्र चिंब. मावशींच्या हातात फडक्यात बांधलेले तांदूळ. "भरली बगा, काटोकाट," असं म्हणतच त्या आत आल्या, आणि ह्यांच्याकडे बघून जागच्या जागी थांबल्या.

मी पेटी ओढली, मशीन लावलं, नळी नाकाला लावली. मशीनची घरघर सुरू झाली. माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं. पण मावशी उंबऱ्यातच मटकन खाली बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातले तांदूळ सांडत होते.

"भाऊ, तुमी तर म्हनला सिलेंडर हाय..." एवढंच त्या परत परत म्हणत राहिल्या. "रिकामी कशी द्याची वो? रिकामी कशी द्याची?"

बऱ्याच वेळानं ह्यांना बोलता आलं. "बरोबर केलंत मावशी. नातवाचं नशीब लिहून झालं ना नीट?"

त्या हसल्या नाहीत. सांडलेला एकेक दाणा त्यांनी वेचून माझ्या ताटात टाकला आणि गेल्या.

संध्याकाळी पडवीतला दिवा मी लावला. ह्यांना अंगणाच्या टोकापर्यंत जाता येत नव्हतं. ते पलंगावरूनच म्हणाले, "चल, जाऊ आपण तळेगावला."

मी म्हटलं, "मी काही बोललेली नाही."

"ठरलं होतं."

"सिलिंडर जास्त ठेवू. मुलीला अजून एक पेटी आणायला सांगू." हे मी म्हणत होते! ज्या बाईनं इतके दिवस जायचा धोशा लावला होता ती मी.

"नको. त्या परत काही मागायला येणार नाहीत आता. काही न्यायच्याही नाहीत. आपल्या दारात आल्या की आधी माझ्या तोंडाकडे बघतील, श्वास चालू आहे का ते. वाटी घेतानासुद्धा भितील." थोडं थांबून म्हणाले, "एवढ्यासाठी इथं आलो नव्हतो आपण."

मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

आवराआवर करायला मुलगी आली. निघायच्या सकाळी मशीन शेवटपर्यंत पेटीवरच चालू ठेवावं लागलं; गाडीत नवा सिलिंडर होता. फ्लॅटमध्ये प्रत्येक भिंतीला वीज, तिथं पेटीचं काय काम? मी ती मावशींकडे घेऊन गेले. लाईन वरचेवर जायचीच, बाळ घरात होतं, त्यांना उपयोगी पडली असती. काचेवर शून्य होतं. भरायला वेळच मिळाला नव्हता.

"मावशी, रिकामीच देतेय," मी म्हटलं. माझ्या हातून त्या घरी रिकामं काही पहिल्यांदाच दिलं जात होतं.

त्यांनी पेटी घेतली. गाडी धरणाच्या वळणावर आली तेव्हा ह्यांनी मान वळवून वर बघितलं. दिवस होता, दिवा दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी बघत राहिले.

पंधरवड्यात मावशींचा मुलगा तळेगावच्या फ्लॅटवर आला. लिफ्टमधून पेटी घेऊन. वर तांदळाची पिशवी. त्यानं पेटी कोपऱ्यात ठेवली, पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला, "आईनं भरून दिलीया. तिला ती घरात बगवंना. रोज उटून पुसायची न् रडायची."

हे पलंगावरून उठले, मशीनची नळी ताणत पेटीपर्यंत आले आणि काचेवर बोट फिरवलं. पूर्ण भरलेली होती.

आता ती आमच्या पलंगाखाली असते. न वापरता ठेवली तरी अशी पेटी हळूहळू उतरते, म्हणून मी ती अधूनमधून भिंतीच्या प्लगला लावते. हे विचारतात, "भरली का?" मी म्हणते, "भरली." वर जायचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.